ताऱ्यांची भरती : दीर्घिकांच्या भेटीगाठींचा इतिहास

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले आणि पुढील काही वर्षांतच नव्या नगराच्या मध्यभागी दगड-चुन्याची एक भव्य वेधशाळा उभी राहिली. जंतर-मंतर या नावाने ती जगाला ठाऊक आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तिचा समावेश जागतिक वारशात केला. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची छाया आजही तेथे वेळ सांगते. जयसिंहांच्या विद्वत्सभेतील प्रमुख ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हे परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी टॉलेमीचा ‘ॲल्माजेस्ट’ हा ग्रंथ अरबीवरून ‘सम्राट-सिद्धांत’ या नावाने संस्कृतात आणला आणि युक्लिडची भूमितीही ‘रेखागणित’ या नावाने संस्कृत वाचकांच्या हाती दिली.

या सर्व विद्येचा मुख्य प्रश्न एकच होता: अमुक ज्योती अमुक वेळी आकाशात कोठे असेल? ज्योतीचा आकार कसा आहे आणि तो तसा का झाला, हा प्रश्न त्या यंत्रांना विचारता येण्यासारखा नव्हता, कारण नुसत्या डोळ्यांना तारा हा केवळ बिंदू दिसतो. याला एक अपवाद होता. देवयानी तारकासमूहात, उत्तराभाद्रपदा नक्षत्राच्या पुढे, अंधाऱ्या रात्री एक धूसर ठिपका दिसतो. टॉलेमीच्या तारकासूचीत त्याची नोंद नाही. पर्शियन ज्योतिषी अल-सूफी याने इ.स. ९६४ मध्ये त्याला ‘लहान मेघ’ म्हटले. आज तीच देवयानी दीर्घिका होय. ‘दीर्घिका’ म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि अदृश्य कृष्णद्रव्य यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला संसार. आपण राहतो त्या दीर्घिकेला आकाशगंगा म्हणतात.

देवयानीचा हा ठिपका कार्तिकातील रात्री जयपूरच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. शहराच्या दक्षिणेला सांगानेरलगत वसलेल्या प्रताप नगरातील गच्च्यांवरूनही तो तसाच जातो. मात्र दिव्यांच्या उजेडात तो शोधावयास आता साधी द्विनेत्री हाताशी हवी. त्या ठिपक्यातून आज डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. आणि तो ठिपका आपल्या दिशेने येत आहे. दीर्घिका एकमेकींजवळ येतात तेव्हा काय घडते, हे समजून घेण्यास मानवाला सुमारे दोनशे वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास म्हणजे एका साध्या नियमावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, या दीर्घ वादाचा इतिहास आहे.

भोवरा आणि त्याचा सोबती

सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाशी मरीची हा तारा आहे. त्याच्याजवळच, श्यामशबल तारकासमूहात, फ्रेंच ज्योतिर्विद शार्ल मेस्ये याने १७७३ मध्ये एक अंधुक मेघ पाहिला आणि आपल्या यादीत त्याला ५१ वा क्रमांक दिला. १७८१ मध्ये प्येर मेशँ याला त्याच्या शेजारी दुसरा लहान मेघ आढळला. १८४५ मध्ये आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस यांनी स्वतः उभारलेल्या ७२ इंची दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा मोठ्या मेघात भोवऱ्यासारख्या वळलेल्या भुजा स्पष्ट दिसल्या. त्यांतील एक भुजा थेट लहान सोबत्यापर्यंत पोहोचलेली होती. रॉस यांनी ते हाताने रेखाटून ठेवले. परस्परांवर परिणाम करणाऱ्या दोन दीर्घिकांचे हे पहिले चित्र म्हणता येईल. परंतु त्या काळी ते मेघ म्हणजे काय, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

ते कोडे सुटण्यास १९२३ साल उजाडावे लागले. एडविन हबल यांनी त्या वर्षी देवयानीत एक स्पंदमान तारा शोधला, त्यावरून अंतर काढले आणि हे मेघ आकाशगंगेच्या फार बाहेरील स्वतंत्र दीर्घिका आहेत हे दाखविले. त्यापूर्वीच, १९१२ मध्ये, व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीच्या प्रकाशाचे पृथक्करण करून ती सूर्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येत असल्याचे मोजले होते. सूर्याची आकाशगंगेभोवतीची स्वतःची गती वजा केल्यावर दोन दीर्घिका परस्परांकडे येण्याचा वेग सुमारे ११० किलोमीटर उरतो.

चौऱ्याहत्तर दिव्यांचा प्रयोग

गणकयंत्रे नव्हती त्या काळात दोन दीर्घिकांच्या भेटीचे गणित कसे करावे? स्वीडनमधील लुंड येथील एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये यावर काढलेला तोडगा कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेला भूषण ठरावा असा आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दिव्याच्या प्रकाशाची तीव्रताही त्याच प्रमाणात घटते. मग प्रकाशच गुरुत्वाकर्षणाच्या जागी का घेऊ नये? होल्मबर्ग यांनी एका दीर्घिकेसाठी ३७ आणि दुसरीसाठी ३७ असे ७४ छोटे विजेचे दिवे अंधाऱ्या खोलीत मांडले. प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून चारही बाजूंनी येणारा प्रकाश मोजला. म्हणजे त्या जागी लागणारी एकूण ओढ कळली. तेवढा दिवा सरकवायचा, पुन्हा मोजायचे, पुन्हा सरकवायचे. या कष्टाच्या कामातून दोन गोष्टी दिसल्या. जवळून जाणाऱ्या दीर्घिकांच्या अंगावर भुजांसारखे वळणदार उंचवटे उमटतात, आणि त्यांच्या गतीतील काही ऊर्जा आत मुरल्याने त्या एकमेकींच्या बंधनात सापडू शकतात.

हा प्रयोग त्या काळी फारसा कोणी मनावर घेतला नाही. दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, शिकागो विद्यापीठातील सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी त्याच्या एका अंगाला भक्कम पाया दिला. ताऱ्यांच्या गर्दीतून जाणारी जड वस्तू आसपासच्या ताऱ्यांना स्वतःकडे ओढते. ते तारे तिच्या मागे गोळा होतात आणि त्यांची ओढ तिला मागे खेचते. हे ‘गतिक घर्षण’ होय. स्पर्श नसतानाही वेग कमी करणारे हे घर्षणच पुढे दीर्घिकांच्या विलीनीकरणाची किल्ली ठरले.

साठ वर्षांपूर्वीचा वाद

१९५० नंतर मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांत विचित्र दीर्घिकांची रांगच लागली. कोठे दोन दीर्घिकांमध्ये प्रकाशाचा बारीक सेतू, कोठे लाखभर प्रकाशवर्षे लांबीचे सडपातळ शेपूट. मॉस्कोचे बोरिस व्होरोन्त्सोव्ह-वेल्यामिनोव्ह यांनी १९५९ मध्ये अशा ३५५ वस्तूंचा आलेख-संग्रह प्रसिद्ध केला. १९६६ मध्ये, म्हणजे बरोबर साठ वर्षांपूर्वी, अमेरिकेतील हाल्टन आर्प यांचा ३३८ विलक्षण दीर्घिकांचा संग्रह बाहेर आला.

फ्रिट्झ झ्विकी यांचे म्हणणे होते की हे सेतू व शेपटे गुरुत्वाकर्षणाच्या भरतीने ओढून काढलेली आहेत. पुष्कळांना ते पटेना आणि त्यांची शंका अगदीच अवाजवी नव्हती. भरती म्हणजे काय, हे कोकणातील मूलही जाणते: चंद्र जवळच्या पाण्याला अधिक ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी, म्हणून समुद्र दोन्ही बाजूंना फुगतो. पण हा फुगवटा रुंद आणि सौम्य असतो. अशी ढोबळ ओढ धाग्यासारखी बारीक, टोकाकडे वळलेली शेपटे कशी विणणार? व्होरोन्त्सोव्ह-वेल्यामिनोव्ह यांच्यासह अनेकांना येथे गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे काही बल असावे असे वाटे. कोणी चुंबकीय बलाचे नाव घेई.

याच सुमारास या प्रश्नाच्या गणिताकडे भारतातूनही लक्ष गेले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील सालेह मोहम्मद अल्लादीन यांनी शिकागो विद्यापीठात संशोधन करून पदवी मिळविली होती. १९६५ मध्ये ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये टकरणाऱ्या दीर्घिकांच्या गतिशास्त्रावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार जाताना त्यांच्या प्रवासातील किती ऊर्जा ताऱ्यांच्या अंतर्गत हालचालीत जाते, याचे मापन त्यांनी केले. वेगवान भेट दीर्घिकांना थोडेसे विस्कटून सोडून देते. संथ भेटीत मात्र ऊर्जेची हानी इतकी होऊ शकते की त्या पुन्हा सुटत नाहीत. हैदराबादेत त्यांनी या विषयाची एक अभ्यासपरंपराच निर्माण केली आणि १९८२ मध्ये नरसिंहन यांच्यासह ‘फिजिक्स रिपोर्ट्‌स’मध्ये तिचा सविस्तर आढावा घेतला.

मराठी वाचकांना उस्मानिया विद्यापीठ परके नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तेथील अनेक विद्यार्थ्यांची उच्च शिक्षणाची वाट उस्मानियाकडेच जाई. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने आरंभीच्या काळात विज्ञानासह सर्व विषय उर्दूतून शिकविले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो पहिलाच मोठा प्रयत्न होता. मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळेच्या स्मरणिकेत त्याचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये.

टूमरे बंधूंचा निर्णय

वादाचा निकाल १९७२ मध्ये लागला. एस्टोनियात जन्मलेले आणि बालपणीच अमेरिकेत गेलेले अलार व युरी टूमरे हे बंधू गणकयंत्राकडे वळले. त्यांनी एका फिरत्या चकतीवर ताऱ्यांऐवजी मोजके बिंदू मांडले, शेजारून दुसरी जड वस्तू जाऊ दिली आणि न्यूटनच्या नियमाखेरीज दुसरे काहीही त्यात घातले नाही. चुंबकीय बल नाही, गूढ शक्ती नाही. तरीही पडद्यावर बारीक सेतू व लांब शेपटे आपोआप उमटली.

शंकाकारांच्या नजरेतून निसटले होते ते चकतीचे फिरणे. भरतीचे दोन फुगवटे येथेही येतात. पण दीर्घिकेतील प्रत्येक तारा केंद्राभोवती फिरत असतो. सोबत्याकडील बाजूचे तारे ओढले जाऊन सेतू होतो, पलीकडचे मागे सुटून शेपूट होते, आणि प्रत्येक तारा आपापल्या वेगाने पुढे सरकत राहिल्याने तो फुगवटा ताणला जाऊन धाग्यासारखा होतो. भेटीची दिशाही निर्णायक असते. जत्रेतील चक्री पाळणा फिरतो त्याच दिशेने कोणी बाजूने धावू लागले, तर पाळण्यातील मुलाचा हात त्याला बराच वेळ धरता येतो. उलट दिशेने धावले, तर हात क्षणात सुटतो. सोबती चकतीच्या फिरण्याच्या दिशेने गेला तर त्याच त्या ताऱ्यांवर त्याची ओढ दीर्घकाळ टिकते आणि लांब शेपटे निघतात. विरुद्ध दिशेने गेला तर दीर्घिका जवळजवळ अभंग राहते. ‘अँटेना’ व ‘मूषक’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जोड्या आणि मेस्येची ५१ क्रमांकाची भोवरा दीर्घिका यांच्याशी जुळणाऱ्या भेटी त्यांनी गणिताने घडवून दाखविल्या. रॉस यांच्या रेखाटनातील सोबत्याकडे पोहोचलेल्या भुजेचा अर्थ असा १२७ वर्षांनी लागला.

पुढचा प्रश्न काळाचा होता. दीर्घिकांची एक भेट पार पडण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. मनुष्याला तिचे एकच स्थिरचित्र दिसते. मग संपूर्ण कथा कशी जुळवावी? एखादा पाहुणा एका दुपारी शाळेत आला, तर कोणतेही मूल त्याच्यासमोर वाढत नाही; तरीही पहिलीच्या वर्गापासून दहावीच्या वर्गापर्यंत फिरून आला म्हणजे मूल कसे वाढते हे त्याला कळते. अलार टूमरे यांनी १९७७ मध्ये हेच केले. नुकत्याच भेटलेल्या जोडीपासून जवळजवळ एकरूप झालेल्या जोडीपर्यंत ११ दीर्घिकायुग्मे त्यांनी क्रमाने लावली आणि सुचविले की या रांगेच्या शेवटी दोन चकत्यांची मिळून एक गोलसर, लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होत असावी. आज अनेक लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या उत्पत्तीचे हेच स्पष्टीकरण दिले जाते.

पंगतीतील थाळ्या

दीर्घिका टकरतात म्हणजे तारे आपटून फुटतात, असा समज साहजिक आहे. पण तसे घडत नाही. सूर्य सेंटिमीटरभर व्यासाचा वाटाणा मानून जयपुरात ठेवला, तर सर्वांत जवळचा तारा सुमारे २९० किलोमीटरवर, म्हणजे दिल्लीच्याही पलीकडे येईल. एवढ्या विरळ गर्दीत दोन ताऱ्यांची गाठ पडणे जवळपास अशक्य. दीर्घिकांचे प्रमाण मात्र अगदी निराळे आहे. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आणि देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर; म्हणजे आकाशगंगा ही फूटभर व्यासाची थाळी मानली, तर देवयानीची थाळी त्याच पंगतीत २५ फुटांवर मांडलेली आहे. म्हणूनच तारे एकटे राहतात आणि दीर्घिकांच्या भेटी मात्र नेहमीच्या आहेत.

ताऱ्यांमधील वायू निसटू शकत नाही. भेटीत वायूचे मेघ एकमेकांवर आदळतात, दाबले जातात आणि त्यांतून नव्या ताऱ्यांचे घोसच्या घोस जन्मतात. १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘आयरस’ या अवरक्त दुर्बिणीने काही दीर्घिका अवरक्त प्रकाशात अतिशय तेजस्वी असल्याचे दाखविले. पुढील निरीक्षणांत त्यांतील बहुतेक विलीन होणाऱ्या निघाल्या.

खोडदची कान देऊन ऐकणारी तबके

हा वायू प्रामुख्याने हायड्रोजनचा असतो आणि तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. दीर्घिकेचा हायड्रोजन ताऱ्यांच्याही बाहेर दूरवर पसरलेला असल्याने भेटीचा पहिला धक्का त्यालाच बसतो. छायाचित्रात शांत दिसणाऱ्या दीर्घिकेचा विस्कटलेला हायड्रोजन तिची जुनी भेट उघड करतो. या लहरी टिपणारी जगातील मोठ्या दुर्बिणींपैकी एक पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी तिच्या साहाय्याने सुमारे २६ कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेभोवती हायड्रोजनचे प्रचंड कडे शोधले. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचा व्यास सुमारे ३ लाख ८० हजार प्रकाशवर्षे, म्हणजे आकाशगंगेच्या जवळजवळ चौपट आहे.

कड्यांच्या जन्माचे एक उत्तर जुने आहे. १९७६ मध्ये रॉजर लिंड्स व अलार टूमरे यांनी दाखविले की लहान दीर्घिका मोठीच्या मध्यातून आरपार गेली, तर तळ्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगासारखे कडे बाहेर पसरते. पण अशा कड्यांत नवे तारे लखलखत असतात. खोडदहून सापडलेल्या कड्यात ताऱ्यांचा प्रकाश जवळजवळ नाही. ते कोणत्या भेटीची खूण आहे, की अन्य एखाद्या कारणाची, हे अद्याप ठरलेले नाही.

मतभेदाची परंपरा पुण्यालाही नवी नाही. आर्प यांनी पुढे असा दावा केला की सेतूने जोडलेल्या दिसणाऱ्या काही जोड्यांतील दीर्घिकांची ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाचे तांबड्या टोकाकडे सरकणे, अगदी भिन्न आहे. म्हणून ताम्रसृतीवरून अंतर ठरविण्याची रीत नेहमी विश्वसनीय नाही. कोल्हापूरला १९३८ मध्ये जन्मलेले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था उभी करणारे जयंत नारळीकर यांनी या दाव्याला सैद्धांतिक बैठक देण्याचा प्रयत्न केला. १९९३ मध्ये दोघांचा संयुक्त निबंधही प्रसिद्ध झाला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी अशा जोड्या दृष्टिरेषेतील योगायोग मानल्या. बहुमत विरोधात असतानाही पुरावा मांडत राहणे आणि पुराव्यानेच उत्तर मागणे, हा नारळीकरांचा बाणा २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कायम राहिला.

आपल्या घरातील भेट

आकाशगंगाही या नियमाला अपवाद नाही. धनु तारकासमूहाच्या दिशेने एक खुजी दीर्घिका आकाशगंगेत विरघळत असल्याचे १९९४ मध्ये कळले. तिचे तारे लांबच लांब पट्ट्याच्या रूपाने आकाशगंगेला वेढून आहेत. ‘गाया’ या युरोपीय यानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गतींवरून २०१८ मध्ये असेही दिसले की सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी आकाशगंगेने एक मोठी दीर्घिका सामावून घेतली होती. रात्री दिसणाऱ्या ताऱ्यांतील काही त्या पाहुण्या दीर्घिकेतून आलेले आहेत.

देवयानीचे काय? २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सुमारे ४०० कोटी वर्षांनी तिची आकाशगंगेशी टक्कर अटळ मानली गेली. २०२५ मध्ये ‘गाया’ व हबल यांची नवी मापने आणि शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात घेऊन केलेल्या गणितात मात्र पुढील १,००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता जवळपास निम्मीच निघाली. नियम तोच, न्यूटनचा. बदलली ती मापांची अचूकता. जंतर-मंतरची भव्य यंत्रे उभारताना जयसिंहांनी नेमकी हीच गोष्ट मनात धरली होती: यंत्र जितके मोठे व स्थिर, तितका वेध सूक्ष्म.

शाळेच्या साठ वर्षांत देवयानी आकाशगंगेच्या सुमारे २०,००० कोटी किलोमीटर जवळ आली; तरीही २५ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरात हा फरक नगण्यच. त्याच साठ वर्षांत दीर्घिकांविषयीचे मानवाचे ज्ञान मात्र ओळखू न येण्याइतके बदलले. होल्मबर्ग यांचे दिवे, अल्लादीन यांचे समीकरण, टूमरे बंधूंचे बिंदू आणि खोडदच्या तबकड्या यांनी मिळून दाखविले की दीर्घिकेचा आकार हा तिच्या भेटींचा लेखाजोखा असतो. खोडदच्या कड्यातील पान अजून वाचायचे राहिले आहे. ते वाचणारी पिढी आज कोणत्या तरी वर्गात अंतराचा वर्ग म्हणजे काय हे शिकत असेल. आणि ७४ छोटे दिवे, एक प्रकाशमापक व एक अंधारी खोली एवढी सामग्री कोणत्याही शाळेला जमविता येण्यासारखी आहे.